पॉलिशवाल्याने माझ्या डोळ्यांसमोर साडेपाच ग्रॅम सोनं नेलं, वर मी त्याला १५० रुपये दिले

लिहू का नको करत दोन महिने गेले. लाज वाटते, दुसरं काय. पण परवा खालच्या वाडीत परत तसेच दोघे येऊन गेले असं कळलं म्हणून लिहितेय, हसायचं त्यांनी खुशाल हसा.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्र घरापासून पाच मिनिटांवर. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको, पावसाळ्यात खारी दमट हवा काही म्हणजे काही चांगलं ठेवत नाही. पितळ हिरवं, चांदी काळी, आणि २२ कॅरेटच्या सोन्यातसुद्धा तांबं-चांदी असतेच त्यामुळे तेही मळकट दिसायला लागतं. गणपतीला दहा दिवस राहिलेले, मुंबईहून चौदा माणसं यायची होती, गावातला सोनार म्हणाला गणपती झाल्याशिवाय पॉलिशला हात लावणार नाही, यजमान मुंबईला, पाऊस धो धो. आता यात माझं काय चुकलं सांगा? म्हणजे चुकलंच, पण ती वेळच तशी होती.

दोघे आले. एकाच्या गळ्यात ओळखपत्र, हातात भांडी घासायच्या पावडरीची पाकिटं, "वहिनी, कंपनीची जाहिरात आहे, फुकट करून दाखवतो." पुढचं तुम्हाला माहीतच आहे. आधी पितळेची समई, मग ताम्हण, मग चांदीचं निरांजन आणि करंडा, सगळं लख्ख करून दिलं. खरंच लख्ख, त्यात खोट नव्हती, आणि तिथेच मी विरघळले. सासूबाई आतून ओरडल्या, "राहू दे गो, रिठ्याने धुवूया आपण." ८१ वर्षांच्या बाईला कळलं ते मला कळलं नाही. मी आतून पाटल्या आणल्या. त्यांच्याच पाटल्या, गावच्या जुन्या सोनाराने हाताने घडवलेल्या, वर बारीक वेलीची नक्षी. मंगळसूत्रही मागत होता तो, ते नाही काढलं, तेवढी अक्कल शिल्लक होती.

आता तो क्षण. मी भांडं म्हणून स्टीलचा डबा पुढे केला तर तो म्हणाला, "स्टील नको वहिनी, काचेचं नाहीतर चिनीमातीचं द्या." आणि मी लोणच्याची सट रिकामी करून, धुऊन, पुसून दिली! अहो, स्टीलला चालत नाही असं कसलं पाणी असतं? एवढा एक प्रश्न डोक्यात यायला हवा होता. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी अजून त्या डब्याशीच अडकते, झाकण हातात घेऊन उभी आहे आणि तो नको म्हणतोय. त्याने पिशवीतल्या बाटलीतलं काहीतरी ओतलं, त्यात हळद टाकली, म्हणजे पाणी पिवळं झालं तरी कुणाला शंका नको. काजू भाजताना बसतो तसा ठसका बसला, लालसर वाफ येत होती, मी खिडकी उघडली आणि परत येऊन उभी राहिले. दुसरा पाणी मागत होता, मग सासूबाईंना गुडघ्याचं तेल विचारत होता, म्हणजे माझं लक्ष तिकडे. वीस एक मिनिटं गेली असतील. पाटल्या काढल्या, धुतल्या, हळदीत घोळवून कागदात गुंडाळल्या, दोन तास उघडू नका म्हणाला, वारा लागला की काळं पडतं. आणि ते पाणी? "इथे ओतू नका वहिनी, फरशी खराब होईल, मी लांब नेऊन टाकतो." सट विसळली ते पाणीसुद्धा कॅनमध्ये भरून घेतलं. मी थँक्यू म्हटलं त्याला. २०० मागत होता, घासाघीस करून १५० दिले आणि वर स्वतःवर खूश.

उघडल्या तर पाटल्या निस्तेज, नक्षी बोथट, वेल कुठे सुरू होते कुठे संपते कळेना. दुसऱ्या दिवशी वजन केलं, ३४.६८० ग्रॅम. दोन वर्षांपूर्वी बँकेत सोनेतारण केलं होतं त्याच्या पावतीवर ४०.१२०. म्हणजे ५.४४० ग्रॅम गेले, सोनाराने ग्रॅमला ९,३०० धरून ५०,५९२ रुपये सांगितले. दहावीतला पुतण्या म्हणतो, "काकी, ते आम्लराज, तीन भाग हायड्रोक्लोरिक एक भाग नायट्रिक, सोनं विरघळतं त्यात, आमच्या पुस्तकात आहे." नंतर त्या पाण्यातून सोनं परत काढता येतं, म्हणून तर कॅन नेला. पुस्तकात आहे म्हणे. बरं.

आता पोलिसांचं ऐका. पहिल्या दिवशी साहेब गणपती बंदोबस्ताच्या मीटिंगला. दुसऱ्या दिवशी, "दागिने तुमच्याकडेच आहेत ना? मग गेलं काय?" वजन दाखवलं तर म्हणे वापराने झीज होते. पाच ग्रॅम झीज! मी पाटल्या घालून जातं दळते का? बिल आणा म्हणाले. चाळीस वर्षांपूर्वी घरात बसून घडवून घेतलेल्या दागिन्याचं बिल कुठून आणू, तो सोनार वारला, बँकेची पावती दिली तर ती "मूळ पुरावा नाही". "तुम्ही स्वतःच्या हाताने दिलं, मग चोरी कशी?" अहो चोरी नाहीच, फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे त्यासाठी, हे मला नंतर वकील भाच्याकडून कळलं. तिसऱ्या खेपेला सांगितलं की तसे दोघे शेजारच्या हद्दीतही दिसलेत, तिकडे विचारा. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आहे, नागरिक सुरक्षा संहिता कलम १७३, हद्द कुठलीही असो ठाण्याला तक्रार घ्यावी लागते आणि घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येते. मी पाठवली. रिक्षाचे तीन खेपांचे ९०० गेले ते वेगळेच. घाबरून १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरलाही फोन केला होता, ते म्हणाले हे सायबर नाही. खरंच आहे, माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं. तुम्ही माणसं दारात असतानाच ११२ लावा, नंतर काही उपयोग नाही.

आणि एवढं सगळं कशासाठी, तर घरी दहा मिनिटांचं काम होतं. रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी त्या कोमट पाण्यात लहान मुलांच्या मऊ ब्रशने सोनं हलक्या हाताने, स्वच्छ पाण्यातून काढून सुती कपड्याने कोरडं. नथ त्यात बुडवू नका, मोत्याला फक्त ओलं फडकं. आत लाख भरलेला दागिना असेल तर गरम पाणी अजिबात नाही. काळी पडलेली साधी चांदी अॅल्युमिनियम फॉइलवर ठेवून गरम पाणी आणि खायचा सोडा, काळेपणा फॉइलवर जातो, पण नक्षीत मुद्दाम काळं ठेवलेलं असेल तर तेही जाईल तेव्हा ते टाकू नका. टूथपेस्ट नको, ओरखडे पडतात. सोनं-चांदी हवाबंद पिशवीत ठेवा. आणि प्रत्येक दागिना वजनकाट्यावर ठेवून आकड्यासकट फोटो काढा, आजच, माझ्यासारखं बँकेच्या पावतीवर जगू नका.

अधीक्षक ऑफिसकडून अजून काही आलेलं नाही. हवालदार तेवढे एकदा घरी येऊन गेले, चहा घेतला, आणि जाताना म्हणाले ती सट धुऊ नका, मुद्देमाल म्हणून लागेल. आज दोन महिने ती पडवीत टोपलीखाली झाकून ठेवलीय, न्यायला कुणी आलेलं नाही, आणि लोणचं मी प्लास्टिकच्या डब्यात भरलंय.