मे महिन्यातला घोडबंदर रोड: पेट्रोल, सीएनजी की इलेक्ट्रिक?

ठाण्यात गाडी घेताय तर अ‍ॅव्हरेज विचारण्याआधी एक हिशेब करा: भर उन्हात, एसी लावून, कोंडीत गाडी किती वेळ उभी राहणार? कासारवडवलीहून महापेला रोज जाताना मला हाच प्रश्न सगळ्यात महाग पडलाय.

पेट्रोलची गाडी उभी असली तरी इंजिन चालू, आणि एसीचा कॉम्प्रेसर त्याच्याच जिवावर. लहान गाडीही अशा एका तासात लिटरभर पेट्रोल पिऊ शकते. गारठ्याची मात्र आपल्याला चिंता नको, बर्फाच्या देशांत अ‍ॅव्हरेज पडतं तसं इथे होत नाही. थंड पेट्रोल जास्त मिळतं म्हणून पहाटेच भरण्याचा आग्रहही सोडा. जमिनीखालची टाकी दिवसभरात फारशी तापत नाही, आणि एका अंशाला पेट्रोल फुगतं जेमतेम ०.१ टक्का.

सीएनजी माझी स्वतःची. पंप २०० बार दाबाला थांबतो, आणि गॅस तापलेला असला की तेवढ्याच दाबाला वजन कमी बसतं. जानेवारीत साडेआठ किलो घेणारी टाकी मे महिन्यात आठलाच थांबते. पैसे किलोवर, त्यामुळे खिशाला चाट नाही, पण दहा-बारा किलोमीटर आधीच पुन्हा रांगेत. खरा त्रास गायमुखच्या घाटात, सीएनजीवर ताकद कमी पडते तिथे. चौघं बसलेले, गाडी दुसऱ्या गिअरवर दमलेली. मी एसी बंद करते आणि मागे सासूबाई पदराने वारा घेत बसतात. हे दर उन्हाळ्यात माझ्या मनाला लागतं.

मेव्हण्यांची इलेक्ट्रिक खारघरला आहे. उभी असताना मोटर काहीच खात नाही, तासभराच्या एसीला साधारण एक-दीड युनिट. ३० युनिटच्या बॅटरीतून पाच टक्के. पण रोजच्या ३० किलोमीटरला चारच युनिट लागत असतील, तर त्यावर हे दीड म्हणजे बराच वाटा. म्हणून कंपनीच्या रेंजमधून उन्हाळ्यासाठी पाव भाग सरळ वजा करा. बॅटरी तापलेली असली की फास्ट चार्जिंगही मंदावतं. चार्जिंग रात्री, पार्किंग सावलीत.

सोसायटीत चार्जिंग पॉइंट मिळत असेल तर मी डोळे झाकून इलेक्ट्रिक म्हणेन. नसेल तर सीएनजी, पण इंजिन जरा मोठं बघा. पेट्रोल फक्त रविवारीच गाडी काढणाऱ्यांनी.

आणि टेस्ट ड्राइव्ह सकाळी घेऊ नका. दुपारी दोनला, चौघांना बसवून, एसी लावून गायमुख चढवून बघा.