झुकोचं रसग्रहण करायचं की झुकोची गोष्ट लिहायची?

'अवतार : द लास्ट एअरबेंडर' ही मालिका २००५ ते २००८ या काळात निकेलोडियनवर आली. तीन पर्वं, एकूण ६१ भाग. (निळ्या माणसांच्या सिनेमाशी तिचा काही संबंध नाही, हे दर वेळी सांगावंच लागतं.) तिच्या जगात काही माणसं पाणी, पृथ्वी, अग्नी किंवा वायू हालचालींनी वळवतात, त्याला 'बेंडिंग' म्हणतात; झुको हा त्यातल्या आगीवाल्यांचा हद्दपार झालेला राजपुत्र. एकदा पाहून समाधान होत नाही अशी ही गोष्ट आहे, त्यामुळे अनेकांना पुढे तिचा 'अभ्यास' करावासा वाटतो. कुणाला कॉलेजचा प्रकल्प द्यायचा असतो, कुणी ऐरोलीतलं ऑफिस सुटल्यावर रात्री तासभर बसायला तयार असतो. दोघांपुढे दोन वाटा असतात. एक, मालिकेचं विश्लेषण लिहिणं. दुसरी, तिच्या जगात स्वतःची कथा रचणं, म्हणजे फॅनफिक्शन. दुसरी वाट म्हणजे नुसता टाइमपास, असं समजणाऱ्यांनी १९६७ साल आठवावं. त्या वर्षी महाभारतावर मराठीत दोन पुस्तकं आली. 'युगान्त'मध्ये इरावती कर्वे यांनी बाहेर उभं राहून एकेका पात्राची उलटतपासणी केली. 'मृत्युंजय'मध्ये शिवाजी सावंत कर्ण, कुंती, दुर्योधन अशा सहा जणांच्या तोंडून बोलले. सामग्री तीच होती, हत्यारं निराळी.

एकच प्रसंग, दोन्हीकडून

दुसऱ्या पर्वातला पंधरावा भाग घ्या. बा सिंग से शहरातल्या सहा छोट्या गोष्टी, त्यातली दुसरी झुकोच्या काकांची, इरोहची. हा माणूस बाजारात खरेदी करतो, रडणाऱ्या पोराला गाणं म्हणून हसवतो, लुटायला आलेल्या चोराला आधी नीट उभं राहायला शिकवतो आणि मग त्याच्यासोबत चहा पीत बसतो. संध्याकाळी टेकडीवर झाडाखाली युद्धात गेलेल्या मुलाचं, लू टेनचं, चित्र मांडून उदबत्ती लावतो आणि गातो. त्या दिवशी मुलाचा वाढदिवस असतो.

विश्लेषण करणाऱ्याला इथे एक गोष्ट सापडली की पुरे: गाणं दोन्ही वेळा एकच आहे. सकाळी ते परक्या मुलाला गप्प करण्यासाठी येतं आणि ऐकायला गोड लागतं. संध्याकाळी तेच शब्द येतात तेव्हा कळतं की घरी परतणाऱ्या शूर सैनिकाचं हे गाणं न परतलेल्या मुलासाठी होतं. मधल्या प्रसंगांत इरोह भेटेल त्याला बापाची माया वाटत फिरतोय, कारण ती ज्याला द्यायची तो नाही. दावा झाला, पुरावाही झाला. या गोष्टीच्या शेवटी इरोहचा मूळ आवाज देणारे अभिनेते माको यांच्या स्मरणार्थ ओळ येते; ते २००६ मध्ये वारले. ही माहिती लेखात जरूर द्या, पण तिच्यावर युक्तिवाद टेकवू नका. ती ओळ नसती तरी प्रसंगाची बांधणी तशीच राहिली असती.

आता फॅनफिक्शन. तिथे पहिलाच प्रश्न अडवतो: त्या सकाळी पुतण्याला, झुकोला, आजचा दिवस ठाऊक होता का? लू टेन त्याचा चुलत भाऊ. तो गेल्याची बातमी झुको लहान असताना घरी आली, हे मालिकेत दाखवलंय. वाढदिवसाचं कुठेच काही नाही. विश्लेषणात 'मालिका याबाबत मौन बाळगते' असं लिहून पुढे सरकता येतं. कथेत तसं निसटता येत नाही. त्याला ठाऊक असेल तर तो गप्प का बसला, नसेल तर काका सांगत का नाहीत, हे ठरवल्याशिवाय पहिला परिच्छेद लिहिता येत नाही. दोन वाटांमधला खरा फरक हाच आहे.

विश्लेषणात किती काम पडतं

साठ भागांवर लिहायला जाऊ नका, बुडाल. तीन भाग निवडा आणि प्रत्येक तीनदा पाहा. पहिल्यांदा नेहमीसारखा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. तिसऱ्यांदा फक्त ऐका, पडद्याकडे बघू नका. हे तिसरं काम ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याउभ्या होतं; प्रवास अर्ध्या तासाचा, भाग तेवीसेक मिनिटांचा. डाउनलोड मात्र घरून करून निघा.

आवाज बंद करून काय मिळतं याचा नमुना दुसऱ्या पर्वातल्या नवव्या भागात आहे. या मालिकेतल्या हालचाली खऱ्या युद्धकलांवर बेतलेल्या आहेत: पाण्याला ताई ची, पृथ्वीला हुंग गार, अग्नीला नॉर्दर्न शाओलिन, वायूला बागुआ. त्या भागात इरोह झुकोला वीज अंगातून वाहू देऊन बाहेर सोडायला शिकवतो, आणि ही युक्ती पाणीवाल्यांना पाहून सुचल्याचं सांगतो. संवाद बंद करून बघितलं की आगीच्या माणसाचे हात पाण्यासारखे वळताना दिसतात. मालिकेचा सगळा विचार त्या दोन हातांत आहे, आणि संवाद चालू असताना डोळ्यांचं तिकडे लक्षच जात नाही.

नोंदींसाठी पाच रकाने आखा: वेळ, कोण, काय दिसतं, काय ऐकू येतं, आणि मालिका काय सांगत नाही. एका भागाला साधारण दोन तास लागतात. मग एका वाक्यात दावा मांडा. त्याची परीक्षा सोपी आहे: शहाणा माणूस त्याच्याविरुद्ध बोलू शकतो का? 'झुको बदलतो' हा दावा नाही, ते कुणीही मान्य करेल. 'झुको दुसऱ्या पर्वाच्या शेवटी बदलत नाही, तो फक्त दमलेला असतो' यावर भांडता येतं. दाव्याला तीन प्रसंगांचा आधार द्या आणि अडचणीत आणणारा एक प्रसंग स्वतःहून घ्या.

बिघडतं कुठे, तर बहुतेकांचा लेख गोष्ट सांगण्यात संपतो. दहावीच्या रसग्रहणात कवितेचा नुसता अर्थ लिहून आल्यावर गुण कापले जायचे, तीच ही चूक. लिहून झाल्यावर फक्त काय घडलं ते सांगणारी वाक्यं पेन्सिलीने खोडा. एक तृतीयांशाहून जास्त गेली तर पुन्हा लिहा. दुसरी अडचण आवृत्तीची. डबमध्ये शब्द बदलतात, म्हणून एखाद्या शब्दावर जोर देणार असाल तर मूळ इंग्रजी ऐकून खात्री करा आणि कोणती आवृत्ती पाहिली ते लेखात लिहा. निर्मात्यांच्या मुलाखती वाचा, पण त्यांनी सांगितलेलं पडद्यावर दिसत नसेल तर तो पुरावा धरू नका.

फॅनफिक्शनमध्ये कुठे दम लागतो

पहिली कथा हजार ते दीड हजार शब्दांची, एका जागी घडणारी आणि एकाच पात्राच्या नजरेतून हवी. वीस प्रकरणांचा संकल्प करणाऱ्यांच्या कथा तिसऱ्या प्रकरणावर पडून राहिलेल्या दिसतील. जागा शोधायची ती मालिकेतल्या फटीत. झुकोची हद्दपारी तेराव्या वर्षी झाली आणि मालिका सुरू होते तेव्हा तो सोळाचा आहे. मधली तीन वर्षं जवळजवळ मोकळी आहेत.

फट निवडली की पुढचे-मागचे भाग तपासा, कारण मोकळी दिसणारी जागा कधीकधी मोकळी नसते. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी झुको काकांना दगा देतो, काका कैद होतात. अनेकांना लगेच त्या दोघांची कोठडीतली भेट लिहावीशी वाटते, रागारागाचे संवाद सुचतात. पण तिसऱ्या पर्वाच्या दुसऱ्या भागात झुको कैदखान्यात जातो तेव्हा इरोह एक शब्द बोलत नाही. तुमच्या कथेत त्याआधीच ते मनसोक्त भांडले तर त्या मौनाची धार जाते. हे ज्याला आधी दिसतं त्याने नकळत विश्लेषण केलेलं असतं.

पात्राची भाषा पकडण्यासाठी त्याची पंधरा वाक्यं उतरवून घ्या. वाक्य किती लांब असतं, प्रश्न किती विचारतो, समोरच्याला काय म्हणतो, एवढं बघा. इरोह सुविचार फेकत फिरतो ही ऐकीव समजूत. उतरवून बघितलं की तो खाण्यापिण्याबद्दल आणि थट्टेनेही भरपूर बोलतो हे कळतं. नवख्यांचा इरोह कीर्तनकार होतो, तो यामुळेच.

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक काम पडतं, आणि ते मजेचं आहे. इंग्रजीत 'यू' म्हटलं की भागतं. इरोह वडिलांचा भाऊ, म्हणजे काका, हे सोपं. पण झुको त्यांना 'तू' म्हणेल की 'तुम्ही'? आपल्याकडे दोन्ही चालतं, घराघरावर आहे. बापाला मात्र तो 'आपण' म्हणणार, इतकं ते घर थंड आहे. म्हणून काकांना 'तू' करा, म्हणजे प्रेम कुठे आहे ते न सांगता कळेल. दगा दिल्यानंतर त्याच्या तोंडी 'तुम्ही' आलं तर वाचकाच्या पोटात खड्डा पडेल. बेंडिंगचं भाषांतर करू नका. 'जलवशीकरण' मोठ्याने म्हणून बघा, पटेल. आणि इरोहला आलं घालून दुधाचा कटिंग पाजण्याचा मोह आवरा. त्याच्या आवडत्या जास्मिन चहाला वास देणारं फूल सहसा आपला मोगराच असतो, तेवढी ओळख वाचकाला पुरते.

खर्च, नियम आणि कुणी काय निवडावं

पैसे दोन्हीकडे जवळपास लागत नाहीत. कायद्याच्या बाजूने विश्लेषण जास्त सुरक्षित: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका आणि परीक्षणासाठी वाजवी वापराला जागा आहे. फॅनफिक्शनला तशी थेट सवलत नाही, त्यामुळे ती फुकटच वाचायला द्यायची. कॉलेजच्या फेस्टमध्ये छापील पुस्तिका काढून विकायला ठेवू नका. कथा टाकायला 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' ही ना-नफा जागा चांगली. खात्यासाठी वय किमान १३ हवं आणि आमंत्रणाच्या रांगेत थांबावं लागतं. कथा मराठीत आहे ही नोंद भाषेच्या रकान्यात न विसरता करा, नाहीतर ती मराठी वाचकाला सापडायची नाही.

प्रकल्पाला गुण हवेत आणि तोंडी परीक्षेत उत्तरं द्यायची आहेत, त्यांनी विश्लेषण घ्यावं. दाव्याचं समर्थन करता येतं, कथेचं करताना जीभ अडखळते. मार्गदर्शक कथा चालवून घेत असतील तर सोबत पाचेकशे शब्दांचं टिपण जोडा: कोणती फट, ती का, कोणत्या भागांशी जुळवून घेतलं. ज्यांना प्रसंग भिडतो पण का ते सांगता येत नाही, त्यांनाही विश्लेषणच हवं. 'पण तो असं का वागला?' याने झोप उडते त्यांनी कथा लिहावी. लेख लिहून त्यांचं समाधान होणार नाही. पुष्कळ लेख वाचून ज्यांची मतं आधीच ठाम झालीत, त्यांनी तर मुद्दाम कथाच लिहावी. आपल्याला न पटणाऱ्या पात्राच्या, झुकोची बहीण अझुला हिच्या म्हणा, डोक्यात दीड हजार शब्द राहिलं की ठाम मतं बरीच सैल होतात.

काहीच ठरत नसेल तर एका भागाची पाच रकान्यांची नोंद करा. तिथपर्यंतचं काम दोन्हीकडे सारखंच आहे, वाया काही जात नाही. मग रकाने बघा. दिसतं-ऐकू येतं हे दोन खच्चून भरले असतील तर लेख लिहायला बसा. शेवटचा, न सांगितलेल्या गोष्टींचा रकाना पानाबाहेर गेला असेल, तर त्यात जी नोंद दोनदा झालीये तिथून कथेचं पहिलं वाक्य लिहा.