फंडांच्या पोटात काय दडलंय? कॅस अपलोड, हाताने नोंद की स्वतःची एक्सेल

सात-आठ म्युच्युअल फंड, थोडे सुटे शेअर, वर नोकरीतून मिळालेले कंपनीचे शेअर. एवढं जमलं की कधीतरी प्रश्न पडतोच: हे सगळं मिळून माझा पैसा नक्की कुठल्या कंपन्यांत आहे? उत्तर काढायच्या वाटा तीन. कॅस (म्हणजे तुमच्या सगळ्या फंडांचं एकत्रित स्टेटमेंट) अपलोड करून घेणारं ॲप, फंडांची नावं हाताने भरायची वेबसाइट, नाहीतर स्वतःची एक्सेल शीट. निवड करण्याआधी एवढंच ठरवा की तुम्हाला परतावा मोजायचाय की होल्डिंग, म्हणजे कुठल्या कंपनीत किती पैसा आहे ते, बघायचंय. बहुतेक जण ही दोन कामं एकत्र करतात आणि गरज नसताना कॅस देऊन मोकळे होतात.

परतावा, म्हणजे एक्सआयआरआर (हप्त्यांच्या तारखा धरून काढलेला वार्षिक परतावा), काढायचा तर प्रत्येक एसआयपीची तारीख आणि रक्कम लागते. तिथे कॅसच बरा. पाच वर्षांचे हप्ते कोण टाइप करत बसणार? फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स-केफिनटेकचं एकत्रित स्टेटमेंट ईमेलवर मागवता येतं, पासवर्ड आपणच ठरवायचा, आणि समरी नव्हे तर डिटेल्ड मागवायचं. फाइल चढवली की सगळे फोलिओ (फंडांतली खाती) समोर. पण त्याच पीडीएफमध्ये पॅन, पत्ता, मोबाइल, फोलिओ नंबर असं सगळं असतं. एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरींचं डीमॅटसकट कॅस असेल तर त्याचा पासवर्ड म्हणजे तुमचा पॅनच. शिवाय फुकट ॲपवाल्याचं पोट कशावर चालतं हेही बघा. स्क्रीनच्या तळाशी बारीक अक्षरांत एआरएन (वितरकाचा नोंदणी क्रमांक) दिसला तर तो वितरक, म्हणजे कमिशनवर फंड विकणारा, आहे. मग ‘हा विका, तो घ्या’ हा सल्ला डायरेक्टमधून (बिनकमिशनच्या प्लॅनमधून) रेग्युलर, म्हणजे कमिशनच्या, प्लॅनकडे तर नेत नाही ना, ते तपासा.

होल्डिंगसाठी तारखा लागत नाहीत. खरे रुपयेही लागत नाहीत! एकूण गुंतवणूक १०० धरायची आणि प्रत्येक फंडाचा वाटा भरायचा: ३०, २५, १५ असं. टक्केवारी तीच येते आणि कुणाला तुमची खरी रक्कम कळत नाही. व्हॅल्यू रिसर्चवर असा पोर्टफोलिओ हाताने मांडता येतो. मॉर्निंगस्टारचं एक्स-रे हे या प्रकारातलं जुनं नाव. फंडातल्या कंपन्यांचा आकार आणि शैली दाखवणारा नऊ चौकोनांचा स्टाइल बॉक्स त्यांचाच.

आता ओव्हरलॅप, म्हणजे दोन फंडांत तेच शेअर किती आहेत ते. बऱ्याच साइट दोन फंड निवडून एकच आकडा देतात आणि लोक त्यावरच फंड विकायला निघतात. तो आकडा येतो कसा? एका फंडात एचडीएफसी बँक ९ टक्के, आयसीआयसीआय बँक ७ टक्के; दुसऱ्यात ७ आणि ८. प्रत्येक शेअरचा लहान आकडा घ्यायचा: ७ अधिक ७, झाला १४ टक्के ओव्हरलॅप. या हिशोबात तुमचे पैसे कुठेच आलेले नाहीत. समजा ६० टक्के रक्कम पहिल्या फंडात आहे आणि ४० टक्के दुसऱ्यात. मग एचडीएफसी बँकेतला तुमचा खरा वाटा ५.४ अधिक २.८, म्हणजे ८.२ टक्के. त्यात डीमॅटमधले त्याच बँकेचे शेअर मिळवा. निर्णय घ्यायचा तो या आकड्यावर. जे टूल हा एकत्रित आकडा दाखवत नाही ते, माझ्या मते, बघण्यात वेळ घालवू नका.

लार्ज-मिडच्या (मोठ्या-मध्यम कंपन्यांच्या) वाटणीवरून दोन टूलमध्ये फरक दिसला तर दचकू नका. बाजार नियामक सेबीच्या व्याख्येत बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्या लार्ज कॅप, १०१ ते २५० मिड, पुढच्या स्मॉल. फंड कंपन्यांची संघटना ॲम्फी ही यादी दर सहा महिन्यांनी काढते. मॉर्निंगस्टार मात्र बाजाराच्या एकूण मूल्यातले वरचे ७० टक्के लार्ज धरते, पुढचे २० मिड. मोजपट्टीच वेगळी.

एक्सेल कुणासाठी? ज्यांच्याकडे चार-पाचच फंड आहेत आणि कुणावर विसंबायचं नाही. महिना संपल्यावर १० दिवसांत प्रत्येक फंड हाऊसला योजनेतल्या शेअर-रोख्यांची पूर्ण यादी साइटवर टाकावी लागते. ती उतरवा, रकाने जुळवा, पिव्होट टेबल करा. नावावरून जुळवायला जाऊ नका. एकजण ‘लिमिटेड’ लिहितो, दुसरा ‘लि.’ आणि बेरीज फसते. आयसिन कोडवर (प्रत्येक शेअर-रोख्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) जुळवा. प्रत्येक फंड हाऊसचा साचा निराळा, त्यामुळे पहिल्यांदा अख्खा रविवार जातो.

काही गोष्टी तयार टूलमध्ये हमखास निसटतात. शेअर आणि डेटचं प्रमाण बदलत ठेवणारा बॅलन्स्ड ॲडव्हांटेज फंड सहसा कराच्या नियमासाठी शेअर ६५ टक्क्यांच्या वर ठेवतो, पण त्यातल्या काहींवर फ्युचर विकून जोखीम झाकलेली असते. नुसत्या शेअरची बेरीज करणारं टूल तुम्हाला आहात त्यापेक्षा जास्त इक्विटीत दाखवतं. फंड ऑफ फंड (दुसऱ्या फंडांत पैसे घालणारा फंड) असेल तर आतल्या कंपन्यांऐवजी पुष्कळदा नुसतं एका फंडाचं नाव येतं.

डेट (रोख्यांच्या) फंडांचं तर ‘डेट’ एवढ्याच खान्यात गाठोडं बांधलं जातं. २३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पलटनने सहा डेट योजना बंद केल्या; त्यांतले कमी रेटिंगचे रोखे मासिक यादीत आधीपासून दिसत होते, पाय चार्टवर नाही. डेटसाठी टूल सोडा, सरळ फंडाच्या मासिक फॅक्टशीटमधलं रेटिंगचं कोष्टक उघडा.

फंड बरेच असतील तर हाताने भरायची साइट घ्या आणि वर्षातून एकदा बघा. दर आठवड्याला बघून काही नवं मिळत नाही, कारण टूलच्या मागची यादी महिन्याचीच असते. परतावा आणि कराचा हिशोब दोन्ही एकाच जागी हवे असतील तरच कॅस द्या, आणि खातं बंद केल्यावर डेटा पुसतात का, हे त्यांच्या प्रायव्हसी पॉलिसीत आधी वाचा. पीपीएफ, एफडी, घरचं सोनं मात्र कुठल्याच टूलला आपणहून कळत नाही. तेवढ्यापुरती तरी एक्सेल लागणारच.