ॲनोरेक्सिया : घरी राहून उपचार की रुग्णालयात दाखल करणे?

मुलीचा डबा रोज भरलेला परत येतो, संकष्टीला गुरुवार आणि गुरुवारला शनिवार असे उपवास जोडले जातात, कपडे सैल होत असतानाही ती स्वतःला जाडच म्हणते. हे खाण्याचे नखरे नव्हेत. ॲनोरेक्सिया हा मानसिक आजार आहे, वजन वाढण्याची तीव्र भीती हा त्याचा गाभा आहे आणि तो मुलग्यांनाही होतो. निदान झाल्यावर पालकांपुढे दोन वाटा असतात.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत घरून होणाऱ्या कुटुंबाधारित उपचाराला सर्वांत भक्कम आधार आहे. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात आकाराला आलेल्या या पद्धतीत काय, किती आणि केव्हा खायचे हे काही काळ आईवडील ठरवतात, प्रत्येक जेवण पूर्ण होईपर्यंत शेजारी बसतात आणि वजन सावरल्यावर ते निर्णय हळूहळू मुलाच्या हाती परत देतात. उपचार साधारण ६ ते १२ महिने चालतो. सकाळी दोघेही लोकल गाठणाऱ्या मुंबईच्या घरात यातली खरी अडचण पैशांपेक्षा वेळेची असते. कोणीतरी रजा घ्यावी लागते, किंवा आजीला बसवावे लागते. मात्र आजीलाही आधी उपचाराच्या सत्राला न्यावे, कारण ‘आज राहू दे, नाही जात तर’ हे प्रेमाने म्हटलेले वाक्यही आजाराच्या बाजूचे ठरते.

घर कितीही समर्थ असले तरी काही वेळा दाखल करणे टाळू नये. जागेपणी नाडीचे ठोके मिनिटाला ५० पेक्षा कमी असणे, उभे राहताच भोवळ येणे, रक्तातले पोटॅशियम घसरणे, अन्नपाणी पूर्ण नाकारणे किंवा आत्महत्येचे विचार बोलून दाखवणे, ही त्याची कारणे आहेत. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातले फॉस्फेट कोसळून हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून अशा मुलाला घरी घाईने खाऊ घालणे धोक्याचे असते; रुग्णालयात आहार वाढवताना रक्ततपासण्या होत राहतात. केईएम, नायर, सायन या पालिका रुग्णालयांत मानसोपचार आणि औषधवैद्यक (शारीरिक आजारांवरील उपचार) हे विभाग एकाच आवारात आहेत, हा मोठा लाभ आहे. त्याबदल्यात केसपेपरची रांग आणि गर्दी सोसावी लागते. खासगी ठिकाणी वेळ अधिक मिळतो, पण खर्च वाढतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने संरक्षण द्यायचे आहे, तरी पॉलिसीतला प्रतीक्षाकाळ, म्हणजे संरक्षण सुरू होण्याआधी थांबावे लागणारा काळ, आधी वाचून घ्यावा.

माझ्या मते हा निर्णय चेहरा पाहून घेऊ नये. अंगाने ठीक दिसणाऱ्या मुलाची नाडीही धोकादायकरीत्या मंद असू शकते. शिवाय दाखल केल्याने घरच्यांचे जेवणाशेजारी बसण्याचे काम टळत नाही, ते घरी सोडल्याच्या दिवसापासून सुरू होते. हा आजार बरा करणारी गोळी नाही. पाळी थांबली म्हणून केवळ स्त्रीरोगतज्ज्ञ, अशक्तपणा म्हणून टॉनिक, अशा फेऱ्यांत महिने घालवण्यापेक्षा पहिल्याच भेटीत नाडी, रक्तदाब, रक्ततपासणी आणि ईसीजी यांची मागणी करावी. कुठे जावे हेच सुचत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर चोवीस तास मराठीतून बोलता येते.