आटे गेलेल्या हेडात पुढे कोणता प्लग: निकेल की इरिडियम?

चोर्ला घाट चढताना आमच्या पेट्रोलवरच्या छोट्या ट्रकचा दुसऱ्या सिलिंडरचा स्पार्क प्लग उडाला. मागचा रिक्षावाला टायर फुटला समजून थांबला. बॉनेट उघडलं तर प्लगला वीज देणारी कॉइल तिरकी लटकलेली आणि प्लगच्या आट्यांत अॅल्युमिनियमची तार गुंडाळल्यासारखी अडकलेली. ती तार म्हणजे हेडाचे, सिलिंडरवरच्या झाकणाचे, आटे. गणपतीची चवथ चार दिवसांवर, बेळगावची भाजी आणायची, आणि गाडी डिचोलीत उभी. आधी कुणीतरी गरम इंजिनावरच प्लग काढून आटे दुखावले होते. कुणी, ते जाऊ द्या.

अशा वेळी दोन गोष्टी ठरवायच्या असतात: आटे कशाने भरायचे आणि प्लग कोणता घालायचा. मिस्त्री त्या वेगवेगळ्या धरतात. माझ्या मते दुसरीचं उत्तर पहिलीत आहे.

हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस तारेची गुंडाळी. भोक मोठं करून टॅपने नवे आटे पाडायचे, गुंडाळी फिरवून बसवायची. स्वस्त, आणि संध्याकाळपर्यंत गाडी रस्त्यावर. पण पुढच्या वेळी प्लग उलटा फिरवला की कधी कधी गुंडाळीही त्याच्याबरोबर वर येते. सलग बुशचं, म्हणजे आतबाहेर आटे असलेल्या अखंड धातूच्या नळीचं, तसं नाही. टाइम-सर्टसारख्या किटमध्ये बुशला वर कॉलर असते आणि बसवताना खालचे आटे पसरून हेडाला धरतात. किट महाग, बाहेरून मागवावा लागतो. शिवाय प्लग वॉशरवर बसणारा की वॉशरशिवाय निमुळत्या कडेवर बसणारा, ते आधी बघा. किट वेगळा लागतो, आणि चुकीचा आला तर दुकानदार परत घेत नाही.

दोन्हींत टॅपला ग्रीस लावून, पुन्हा पुन्हा काढून पुसून काम केलं तर चुरा सिलिंडरमध्ये कमी पडतो. कमी, म्हणजे शून्य नव्हे. मिस्त्री घाई करणारा असेल तर सरळ हेड उतरवून घ्या. खर्च वाढेल, झोप लागेल.

आता प्लग. साधा, निकेलच्या टोकाचा प्लग बऱ्याच गाड्यांत ३०-४० हजार किलोमीटरला बदलतात. इरिडियमच्या टोकाचा कितीतरी महाग, पण लाखभर किलोमीटर चालतो. म्हणून सगळे सांगतात, दुरुस्त केलेलं भोक जितकं कमी उघडाल तितकं बरं, इरिडियम घाला. ऐकायला पटतं. मी मात्र उलट केलं. आपल्याकडे चार महिने पाऊस, हवेत मीठ, प्लगच्या खड्ड्यात ओल राहते. पाच-सहा वर्षं हात न लावलेला प्लग गंजून, कार्बन धरून आट्यांत चिकटतो, आणि तो ओढताना हेलिकॉइल सुटण्याची भीती सगळ्यात जास्त.

तेव्हा सलग बुश असेल तर निकेल घाला आणि वेळेवर, थंड इंजिनावर बदला. हेलिकॉइलच असेल आणि गाडी महिन्याला जेमतेम पाचशे किलोमीटर फिरत असेल, तर इरिडियमचे पैसे वसूल व्हायच्या आधी गाडी विकली जाईल. हेलिकॉइलवर रोज घाट चढणारी गाडी असेल तरच मी इरिडियमला हो म्हणेन, कारण तिथे लाख किलोमीटर लवकर भरतात आणि प्लगला चिकटायला वेळ मिळत नाही.

कोणताही घ्या, आट्यांची लांबी जुन्याइतकीच हवी. बुश किंवा प्लगचे आटे आत डोकावले तर ते तापून लाल होतात आणि ठिणगीआधीच पेट्रोल पेटतं. नव्या मुलामा दिलेल्या प्लगला ग्रीस लावू नका, त्याने प्लग ठरल्यापेक्षा जास्त आवळला जातो. अॅल्युमिनियमच्या हेडात १४ मिमी जाडीच्या वॉशरवाल्या प्लगला आवळायचा जोर साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०. गाडीच्या पुस्तकात वेगळं असेल तर पुस्तकाचं ऐका. हा जोर मोजणारा टॉर्क पाना नसेल तर नवा वॉशर हाताने टेकल्यावर अर्ध्या ते दोन-तृतीयांश फेऱ्यात थांबा.

आणि सुरुवात पान्याने करू नका. पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या पांढऱ्या टोकावर चढवा आणि त्यानेच फिरवा. आटे वाकडे धरले तर नळी हातात घसरते, पाना घसरत नाही. तो तुकडा आता आमच्या डॅशबोर्डच्या खणात पियूसीच्या कागदांबरोबर असतो, आणि गाडी गॅरेजला गेली की मीच तो काढून मिस्त्रीच्या हातात देतो.