फोंड्यातील एक आहारसल्ला केंद्र : सहा आठवड्यांचा अनुभव

आईच्या निधनानंतरच्या आठ महिन्यांत माझे वजन 9 किलोंनी वाढले आणि थायरॉईडच्या तपासणीत काहीच निघाले नाही, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी मला गोव्यातल्या फोंडा येथील एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवले. भारतीयांच्या बाबतीत बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, 23 च्या वर गेला की वजन जादा धरतात. माझा 27 झाला होता.

बाईंनी पहिल्याच भेटीत मी काय खाते याआधी केव्हा खाते, हे विचारले. रात्री भांडी घासून झाली की फळीवरचा खाज्यांचा डबा मी खाली काढत असे. आल्याचा वास येणारे हे गुळाचे खाजे आई दर जत्रेतून न चुकता आणायची. पोटात हुमण (माशांची आमटी) आणि भात असतानाही माझा डबा रिकामा होई आणि मग झोप लागेपर्यंत स्वतःचाच राग येत राही. हे सांगताना मला रडू कोसळले. बाईंनी जराही घाई केली नाही.

पोटाची भूक हळूहळू वाढते आणि पेजेनेही भागते, मनाची भूक मात्र एकाएकी उसळते आणि एकच ठरावीक पदार्थ मागते, हे त्यांनी मला नीट समजावले. ताण फार दिवस राहिला की शरीरातील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते व गोड-तेलकटाची ओढ लागते. खाल्ल्यावर थोडा वेळ बरे वाटते, पण नंतरची खंत पुन्हा त्याच डब्याकडे नेते.

या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्यांनी लिहायला दिलेली वही. वेळ, पदार्थ, दहापैकी भूक किती आणि त्या वेळी मनात काय होते, असे तिचे चार रकाने. तिसऱ्या आठवड्यातील माझी एक नोंद अशी आहे : ‘10.40, खाजे, भूक 2, कपाटात आईची साडी दिसली.’ ती लिहिताना माझा हात डब्यावरून आपोआप मागे आला.

छापील आहारतक्ता मात्र निरुपयोगी होता. ओट्स आणि ब्रोकोली आमच्या घरात कोण खाणार? तक्रार केल्यावर बाईंनी मोजका उकडा भात, तळण्याऐवजी हुमणातला बांगडा आणि सकाळी अकराची पेज असा बदल करून दिला. खरा दोष वजनाच्या काट्याचा आहे. तो बाहेरच्या खोलीत असतो आणि मदतनीस मुलगी आकडा सर्वांदेखत मोठ्याने सांगते. एका आठवड्यात 400 ग्रॅम वाढलेले तिने असेच सांगितले, आणि त्या संध्याकाळी मी बेकरीतून तीन क्रीमरोल घेऊन घरी गेले. ज्या सवयीवर उपचार चालू आहेत, तिलाच अशी लाज खतपाणी घालते, हे या केंद्राला कळायला हवे.

सहा आठवड्यांत वजन 2 किलोंनी उतरले. पूर्वी रोज खाली येणारा डबा आता आठवड्यातून एखाद्या रात्रीच निघतो आणि सकाळी उठताना मन पूर्वीइतके जड नसते. उदासी हटत नसेल किंवा खाणे अनावर होऊन उलट्या काढाव्याशा वाटत असतील, तर बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जावे, असे बाईंनी आपणहून सांगितले, हा त्यांचा प्रामाणिकपणा मला फार भावला. पुढील सहा आठवड्यांसाठी मी नाव नोंदवले आहे. वजन आतल्या खोलीत घेऊन ते फक्त मलाच सांगावे, ही माझी अट त्यांनी मान्य केली आहे.