तपती की लीलावती? खानदेशातल्या लेकीसाठी दोन दुर्मीळ नावं

आर्या, स्वरा, ओवी, अन्वी ही नावं गोड आहेत, पण बालवाडीच्या दारात एका हाकेला तीन मुली वळतात. ज्यांना ते नको आहे आणि ज्याचा अर्थ सांगायला मोबाईल काढावा लागेल असंही नाव नको आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्याकडे शेवटी दोन नावं उरली होती. एक तापीकाठचं आणि दुसरं चाळीसगावच्या पाटणादेवीकडचं. दोन्ही आपल्याच मातीतली, त्यामुळे निवड सोपी नव्हती.

बाकीची का गळाली ते थोडक्यात सांगतो. मुक्ता सुंदरच आहे, पण मुक्ताईनगर-मेहूणच्या या मुलखात ते दुर्मीळ कसं म्हणायचं? प्रत्येक भाऊबंदकीत एक तरी मुक्ताबाई सापडते. गिरणा हे नाव माझ्या फार मनात होतं. पण शाळेतली पोरं तिची गिरणी करून दळण टाकायला येणार हे नक्की होतं, आणि अहिराणीत ‘ण’चा ‘न’ होतो, म्हणजे घरातही ती गिरनाच होणार.

आता तपती. तापी नदीचंच हे जुनं रूप. सरळ तापीच का नाही, असं मलाही विचारलं गेलं. तापीबाई आजीच्या पिढीत होत्या आणि त्या नावाला तेव्हा कोणी हसत नसे. आज मात्र ‘तापी’ म्हटलं की पुढचा माणूस ‘ताप’ म्हणून मोकळा होतो. तपती म्हटलं की नदीही राहते आणि गोष्टही मिळते. नदी मध्य प्रदेशातल्या मुलताईला उगम पावते, आषाढ शुद्ध सप्तमीला तिथे तिचा जन्मदिवस साजरा होतो. पुराणात ती सूर्याची मुलगी, शनीची बहीण. आता शनीची बहीण म्हटल्यावर घरातली एखादी आत्या कपाळाला आठ्या घालते, तेवढी तयारी ठेवायची.

महाभारताच्या आदिपर्वातली तिची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. गंधर्व अर्जुनाला ‘तापत्य’ म्हणून हाक मारतो आणि अर्जुनालाच कळत नाही की आपण तपतीचे वंशज कसे. मग गंधर्व सांगतो: संवरण राजाने तिला डोंगरावर पाहिलं, वसिष्ठांनी सूर्याकडे जाऊन मागणी घातली, लग्न झालं. राजा तिच्यासोबत बारा वर्षं डोंगरातच रमला आणि इकडे त्याच्या राज्यात पाऊस पडेना. शेवटी वसिष्ठांनी दोघांना परत आणलं, तेव्हा पाऊस झाला. त्यांचा मुलगा कुरू, म्हणजे कौरव आणि पांडव दोघांचीही ही पूर्वजा. नावात ऊन आणि गोष्टीच्या शेवटी पाऊस, हे खानदेशातल्या माणसाला आवडणारच. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला की लोक नावावरून विनोद करतील, पण तो विनोद मला चालला असता. बंगालकडे हे नाव चांगलं रुळलेलं आहे, आपल्याकडे जवळजवळ नाहीच.

लीलावती दुर्मीळ आहे ते वेगळ्या कारणाने. हे नाव कोणी ठेवलंच नाही असं नाही, एका पिढीने भरपूर ठेवलं आणि पुढच्यांनी सोडून दिलं. त्यामुळे आज लहान मुलीचं नाव लीलावती म्हटलं की लोक आधी पाळण्यात बघतात, मग आपल्याकडे. पहिली प्रतिक्रिया ‘आजीचं ठेवलं का?’ आणि दुसरी ‘मुंबईचं हॉस्पिटल?’ या दोन्ही इतक्या ठरलेल्या आहेत की आता आम्ही नुसतं हसतो. आईची प्रतिक्रिया त्याहून थेट होती, “हाई काय नाव शे?” आठवड्याभरात तिने त्याचं लीला केलं आणि प्रश्न मिटला.

नावाचा आधार पक्का आहे. गणिती भास्कराचार्यांचा जन्म 1114चा, त्यांचा ग्रंथ सिद्धांतशिरोमणी 1150चा आणि त्यातला अंकगणिताचा भाग म्हणजे लीलावती. त्यांच्या गावाबद्दल विद्वानांत वाद आहेत, ते इथे काढत नाही. पण त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि त्याचा 1207चा शिलालेख पाटणादेवीजवळच्या पाटणे गावी सापडला. तो एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. म्हणजे पाटणादेवीला दर्शनाला जाताना आपण ज्या जंगलातून जातो, तिथे आठशे वर्षांपूर्वी लीलावती शिकवली जात होती. मुलीला दाखवायला एवढी जवळची जागा दुसऱ्या कुठल्या नावाला मिळेल असं मला वाटत नाही.

एक शंका मात्र येतेच, आणि ती बहुधा शिकलेल्या नातेवाइकांकडून येते. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, वेळ मोजणाऱ्या घटिकायंत्रात मोती पडला, तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला आणि ती बिनलग्नाची राहिली, मग असं नाव कशाला? ही कथा अकबराच्या दरबारातल्या फैजीने 1587 मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात येते, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. ग्रंथात लीलावती आपली मुलगी आहे असं भास्कराचार्य कुठेही म्हणत नाहीत. कुठे ‘बाले’ म्हणजे मुली म्हणतात, कुठे ‘कांते’ म्हणजे प्रिये. बेरजेच्या पहिल्याच गणितात तिला विचारतात की 2, 5, 32, 193, 18, 10 आणि 100 यांची बेरीज सांग, आणि ती दहा हजारातून वजा केली तर काय उरतं तेही सांग. उत्तर 360 आणि 9640. पाळण्यातल्या मुलीला यापेक्षा चांगली हाक कोणती?

तरी कबूल करतो, कागदावर दोन्ही नावं मांडली तेव्हा माझं झुकतं माप तपतीकडे होतं. नाव छोटं, गोष्ट जास्त रंगतदार, आणि नवं वाटणारं. जन्माची नोंद नावाशिवायही करता येते आणि वर्षभरात नाव विनाशुल्क चढवता येतं, त्यामुळे आम्ही घाई केली नाही. घरात तपती हेच चालू ठेवलं.

आणि तिथेच कळलं. तपती हे नाव कोणालाही तपती असं ऐकू येत नाही, तृप्ती असं येतं. लसीकरणाच्या कार्डावर निळ्या पेनाने ठळक तृप्ती लिहिलं गेलं. मी सांगितलं, ताईंनी मान हलवली, ‘तृ’वर रेघ मारून ‘त्र’ केला. पुढच्या वेळी त्याच कार्डावरून ‘तृप्तीची आई कोण?’ अशी हाक आली आणि बायको सवयीने उठलीसुद्धा. केकवर तृप्ती, शेजारच्या काकूंच्या आहेराच्या पाकिटावर तृप्ती, फोनवर मामांनी लिहून घेतलं तेही तृप्ती.

यातली खरी कटकट अशी की चुकलेलं नावही चांगलंच नाव आहे. ऐकणाऱ्याने काहीतरी भलतंच ऐकलं असतं तर त्याने थांबून पुन्हा विचारलं असतं. तृप्ती ऐकल्यावर कोण कशाला विचारेल? तो खात्रीने लिहितो आणि पुढे जातो. हाच प्रकार उद्या आधारवर, शाळेच्या दाखल्यावर, बोर्डाच्या फॉर्मवर होणार. आता तर 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा. तो आणि बाकीची कागदं जुळली नाहीत की प्रतिज्ञापत्र, राजपत्र, फेऱ्या. मला हे नको होतं. कदाचित मी जरा जास्तच घाबरलो असेन, तुमच्या गावात लोक लक्ष देऊन ऐकत असतील.

लीलावती हे नाव आजवर एकानेही चुकीचं ऐकलेलं नाही. हसतात, चकित होतात, पण बरोबर लिहितात. पालिकेतल्या बाबूनेही वर न बघता लिहिलं.

तिच्याही अडचणी आहेत. नाव लांब आहे, आणि 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही लागतं, त्यामुळे मुलगी, आई, वडील, आडनाव असं लिहिताना फॉर्मचे चौकोन अपुरे पडतात. अक्षरावरून नाव ठेवणाऱ्यांनी हेही बघावं: ‘ली’ भरणी नक्षत्राच्या पहिल्या चरणाचं, ‘त’ स्वातीच्या चौथ्या. आमचं दोन्हीकडे जमत नव्हतं, म्हणून नावरसाचं वेगळं नाव भटजींच्या वहीत राहिलं. आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘ली’ला एक आय की दोन ई, हे दाखल्याच्या आधी घरात ठरवून टाका. आम्ही एक आय घेतला. मावशी अजून दोन ई लिहितात, पण मावशींच्या पाकिटावर कुठला शिक्का लागत नाही.

तपतीवर जीव जडलाच असेल तर मी अडवणार नाही, नाव खरंच देखणं आहे. फक्त जिथे जाल तिथे तोंडी सांगू नका. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून द्या, आणि समोरच्याचं लिहून होईपर्यंत खिडकीपासून हलू नका.